रक्ताची गोळी आणि कोरा चहा

नोकरी संपायला थोडी वर्षं उरली असताना नांदेडच्या एका सभागृहात मला एका तज्ज्ञाने सांगितलं, की कोरा चहा प्रकृतीला फार चांगला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र असा राग आला की तो अजून उतरलेला नाही. माय होती तोवर यातलं काही लिहायची सोय नव्हती. आता ती नाही, म्हणून लिहिते.

ते शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. असली प्रशिक्षणं म्हणजे रविवारी माणसं कोंडून ठेवायची आणि पोह्यांवर त्यांची समजूत काढायची. विषय होता आहारातले फ्लेवोनॉइड, म्हणजे फळाभाज्यांना रंग देणारी द्रव्यं. पडद्यावर एकेक चित्र येत होतं: जांभळी कोबी, निळी बोरं, ब्रोकोलीचे हिरवे गड्डे. तज्ज्ञ म्हणाले, आपलं ताट इंद्रधनुष्यासारखं रंगीत पाहिजे. माझ्या शेजारी हिमायतनगरकडची एक शिक्षिका बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आमच्याकडं उन्हाळ्यात पिवळं वरण अन् पिवळंच पाणी. झालं इंद्रधनुष्य." आम्ही दोघी पदराआड हसलो. तोवर माझं डोकं ठिकाणावर होतं.

माझा विषय वनस्पतिशास्त्र. फ्लेवोनॉइड माझ्या ओळखीचे होते. फुलाला रंग कोण देतं, पानाला उन्हापासून कोण सांभाळतं, किड्याने तोंड लावू नये म्हणून साल तुरट कोण करतं, हे मी जन्मभर फळ्यावर लिहीत आले. पण ते पान माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं, हे माझ्या विषयात बसत नव्हतं. तो दुसऱ्याचा तास. शाळा-कॉलेजात ज्ञानाच्या अशा वाटण्या झालेल्या असतात आणि आपल्या बांधापलीकडे कुणी बघत नाही.

तज्ज्ञांनी मात्र ते चांगलं समजावून सांगितलं, ते मला नाकारता येत नाही. खाल्लं म्हणजे अंगी लागलं असं नाही, ते म्हणाले. झाड फ्लेवोनॉइडला सहसा मोकळं ठेवत नाही, साखरेला बांधून ठेवतं. ती गाठ सुटल्याशिवाय आतड्याच्या भिंतीतून आत जाता येत नाही. लहान आतड्याच्या भिंतीवर ही गाठ सोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. कांद्यातल्या फ्लेवोनॉइडची गाठ त्याला पटकन सुटते, म्हणून कांद्यातला माल लवकर आत जातो. चहात तेच फ्लेवोनॉइड दुसऱ्या साखरेला बांधलेलं असतं आणि ती गाठ काही त्या विकराला उकलत नाही. मग ते तसंच खाली मोठ्या आतड्यात जातं. तिथले जीवाणू त्याची मोडतोड करतात आणि त्यातलं थोडंफार आत शिरतं. आत शिरलं त्यालाही शरीर काही पाहुण्यासारखं वागवत नाही. आतड्याच्या पेशी आणि यकृत मिळून त्याचं रूप बदलतात आणि बरंचसं लघवीवाटे बाहेर काढून देतात.

"आणि ज्यांना आत जाताच येत नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

तज्ज्ञ म्हणाले, काळ्या चहाला ज्यांच्यामुळे रंग आणि तुरटपणा येतो ते रेणू मोठे असतात. ते बहुतेक आतड्याच्या पोकळीतच राहतात. तिथे जेवणातलं लोह भेटलं की ते त्याला धरतात, आणि मग ते लोहही रक्तात जात नाही, दोघं मिळून बाहेर पडतात. म्हणून जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत कोरा चहा घेऊ नये. पण हा किरकोळ तोटा, फायदे बघा किती आहेत. असं म्हणून त्यांनी पुढचं चित्र लावलं.

किरकोळ. हा शब्द त्यांनी सहज टाकला आणि माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं झालं. मधल्या सुट्टीत आम्हाला कागदी कपांतून कोरा चहाच दिला, आरोग्यदायी म्हणून. मी तो तसाच खुर्चीखाली ठेवला आणि दिवसभर तिथेच बसून राहिले. डोळ्यांपुढे आक्का होती, माझी थोरली बहीण, आणि तिच्या सासूचा आवाज कानात होता: मंग रक्त कुठं गेलं?

आमचं गाव रेणापूरच्या अलीकडे. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर रंगवायचं काम चाललं होतं. गावात सत्कार झाले, भाषणं झाली. आता सगळं जवळ आलं म्हणे, आता उस्मानाबादच्या खेपा नाहीत. आणि नेमका त्याच सुमाराला पाऊस गेला. जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं आमच्या वाड्यातल्या बायका म्हणायच्या. आमचा वाडा बौद्धांचा. धर्म छप्पन्नलाच बदललेला, पण विहीर काही बदलली नव्हती. गावविहिरीवर आम्हाला तोंडावर कुणी अडवत नव्हतं, तेवढे कायदे लोकांना कळले होते. फक्त आमची पाळी येईतोवर पाणी तळाला गेलेलं असायचं. मग टँकर यायला लागला. त्या पाण्याला डिझेलचा आणि गंजाचा वास. हंड्यात रात्रभर ठेवलं तरी तो वास जात नसे.

वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. मी नांदेडला वसतिगृहात राहून बीएस्सी करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. तेव्हाच आक्का पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिचं सासर किल्लारीच्या बाजूला. दारात ती उभी राहिली आणि मायने तिच्याकडे बघून हातातली पाटी खाली ठेवली. ओठांना रंग नव्हता, पाय सुजलेले. पापणी खाली ओढून बघितली तर आतून चुना लावल्यागत पांढरं.

"सासरी जेवू घालत न्हाईत का गं तुला?" माय म्हणाली.

"घालतेत की," आक्का म्हणाली. "सगळ्यास्नीच कमी हाय, मला एकटीला न्हाई."

आक्का अशीच होती. कुणाचं उणं काढायचं नाही. मला तिचा हा स्वभाव कधीच आवडला नाही आणि पुढे या स्वभावानेच माझं काळीज जाळलं.

आठवड्यातून एकदा नर्सबाई यायची आणि शाळेच्या ओट्यावर बसून गोळ्या वाटायची. लालसर तपकिरी गोळ्या, बायका त्यांना रक्ताच्या गोळ्या म्हणायच्या. गावातल्या बायकांच्या हातात ती कागदाची पुडी द्यायची. आमच्या बायकांनी पदर पसरायचा आणि तिने वरून टाकायची. जेवण झाल्यावर रोज घ्यायची, एवढंच ती सांगायची. कशासोबत घ्यायची हे तिने सांगितलं नाही. तिलाही कुणी सांगितलं नसणार.

आक्काने पहिली गोळी टँकरच्या पाण्यासोबत घेतली आणि अंगणात जाऊन सगळं जेवण बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशीही तेच. डिझेलचा वास आणि त्यावर त्या गोळीची लोखंडी चव, धडधाकट माणसानेही तांब्या बाजूला सारला असता. पोटुशीची काय गत. मायचा जीव खालीवर व्हायला लागला. पोरीच्या पोटात भाकर टिकेना, गोळी टिकेना, आणि दिवस पुढे सरकत चाललेले.

मग मायने तोड काढली. आमच्याकडे दुधाचा चहा पाहुण्यारावळ्यांना. एरवी कोरा, आणि त्या वर्षी तर शेळीही आटलेली. सकाळी चुलीवर पातेलं चढायचं ते दिवसभर उतरत नसे. त्याच पत्तीत पाणी वाढवायचं आणि पुन्हा उकळायचं. काळाकुट्ट, जीभ आवळून धरणारा चहा. भाजी नसली की त्यातच भाकर चुरायची आणि तेच जेवण. उकळल्यामुळे पाण्याचा वास मरतो, हे आमच्या वाड्यातल्या पोराबाळांना ठाऊक होतं. मायने आक्काला गोळी त्या चहासोबत द्यायला सुरुवात केली. घरात गुळाचा एक खडा होता, तो फक्त आक्काच्या कपात. मला फिका. माय कपात गूळ ढवळायची, गोळी आक्काच्या तळहातावर ठेवायची, कप तिच्या हातात द्यायची आणि भाकरी थापायला चुलीकडे वळायची.

आणि उलटी थांबली. मायचं तोंड उजळलं. वाड्यातल्या बायकांनाही तिने सांगितलं, पाण्यासंगं देऊ नका, चहासंगं द्या. पोटात ऱ्हाती गोळी. बायका मायला हुशार म्हणाल्या. हुशार होतीच ती. तिला जेवढं दिसत होतं तेवढ्यात तिने चूक काहीच केली नव्हती.

एकदा परसाकडून येताना आक्का मला हळूच म्हणाली, "बाई, तुला म्हणून सांगते. काळं होऊलालंय. डांबरावाणी. आतून काय सडलं की काय माझं?"

मलाही कळलं नाही. मी झाडांचे भाग पाठ करणारी पोर. मायला सांगू का म्हटलं तर ती म्हणाली, नको, उगा घोर लागंल तिला. ती गोष्ट आमच्या दोघींत राहिली.

दिवस जवळ आले तसे आम्ही तिघी एसटीने सरकारी दवाखान्यात गेलो. कुठल्या गावचा ते सांगत नाही, सगळीकडे तेच होतं. डॉक्टर तरुण होता. तिकडे पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेला, या नव्या जिल्ह्यात आणून टाकलं म्हणून आधीच पेटलेला. त्याने आक्काची पापणी बघितली, नखं बघितली आणि मायकडे वळला.

"गोळ्या देतात की नाही तुमच्याकडे?"

"देतेत की साहेब. मी रोज देते हिला."

"तुम्ही देता. ही खाते का? खाल्ल्या असत्या तर रक्त वाढलं असतं. तुम्हा लोकांना फुकटचं मिळतं म्हणून किंमत नाही. उकिरड्यावर टाकता, शेळ्यांना घालता."

"खाते मी," आक्का म्हणाली.

त्याने तबकातली एक गोळी उचलली आणि तिच्या हातावर ठेवली. "माझ्यासमोर गीळ." तिने गिळली. "तोंड उघड." तिने उघडलं. "जीभ वर कर." तिने जीभ वर केली. मागे बायकांची रांग होती, पुरुषही होते. सगळे बघत होते. दिवस भरलेली माझी बहीण एखाद्या चोरासारखी तोंड वासून उभी होती आणि तो तिच्या जिभेखाली बघत होता. मी कॉलेजात शिकणारी, मी म्हटलं, "साहेब, ती घेते गोळ्या, मी बघितलंय." तो म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर थांबले. त्या वेळी आमच्यासारख्यांना बाहेर थांबायची सवय होती.

आक्का बाळंत झाली ती त्याच दवाखान्यात. मुलगा झाला. एवढासा, मुठीएवढं डोकं, रडायचंही त्राण नव्हतं त्याच्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आक्काचं रक्त थांबेना. लातूरहून रक्ताची बाटली आणली, जीपमध्ये मांडीवर धरून. ती चढवली तेव्हा कुठे ती वाचली. सासू तिथेच होती, नातवाला फडक्यात गुंडाळून बसलेली. डॉक्टर बाहेर आला आणि तिला म्हणाला, "गोळ्या टाकून दिल्यात हिने. सांगून सांगून थकलो आम्ही." एवढं बोलून तो जेवायला गेला.

त्याचं ते एक वाक्य. नंतर तो बदलून गेला असेल, पुढे मोठा झाला असेल, त्याला आठवतही नसेल. आक्काला ते वाक्य जन्माला पुरलं.

सासरच्यांनी तिला नेलं नाही. बैठक बसली, आमच्याच वाड्यात, विहाराच्या पुढ्यात. सासू म्हणाली, हिनं माझ्या वंशाचा दिवा इझवला, गोळ्या फेकून देऊन लेकरू खाल्लं. माय उठली. आक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांपुढे म्हणाली, "माझ्या लेकीची आण. ह्या हातानं दिल्यात मी गोळ्या. रोज दिल्यात."

"दिल्या असतील," सासू म्हणाली. "गिळल्या का हिनं?"

"गिळल्या," आक्का म्हणाली.

"मंग रक्त कुठं गेलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मायकडे नव्हतं, आक्काकडे नव्हतं, सायन्स शिकणाऱ्या माझ्याकडेही नव्हतं. वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरी केली.

आक्का परत आली ती कायमची. निंदायला, खुरपायला, काढणीला जायची. कुणाशी भांडली नाही. पण तिला एक खोड लागली. ताप आला, डोकं दुखलं, कुणी तिच्या हातावर गोळी ठेवली, की ती गिळायची आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. समोर डॉक्टर असो, मी असो, शेजारची पोर असो. "बघ, गिळली." वाड्यातली लेकरं हसायची. मी एकदा चिडून तिचा हात हलवला, म्हटलं, कुणी विचारलंय तुला? ती म्हणाली, "कुणी न्हाई इचारलं. पर बघून ठिवलेलं बरं." तिला दुसरं काही नको होतं. नवरा नको, घर नको. मी गोळ्या घेतल्या होत्या, एवढं कुणीतरी खरं मानावं, बस्स.

पुढे किल्लारीचा भूकंप झाला त्यात तिचं सासरचं गाव बसलं. सासू गेली, नवराही गेला. बातमी आली तेव्हा आक्का उंबऱ्यात बसून राहिली. मला वाटलं नवऱ्यासाठी रडते आहे. ती म्हणाली, "आता कुणाला सांगू मी?" उरली ती फक्त माय. जिने आण घेतली होती ती.

तर नांदेडच्या त्या सभागृहातून मी उठले ती उत्तर घेऊन उठले. एवढ्या वर्षांनी उत्तर. मी काही छाती ठोकून म्हणत नाही की फक्त चहानेच झालं. ती आधीपासूनच खंगलेली होती, दुष्काळात ताटात काय होतं, पोटात जंतही असतील. पण गोळ्या पोटात गेल्या होत्या, हे मात्र मी आता छाती ठोकून सांगू शकत होते. कारण नंतर मी पुस्तकं काढून बसले आणि त्यात स्पष्ट होतं, लोहाच्या गोळ्या घेणाऱ्याला परसाकडे काळं होतं. आक्का ज्याला सडणं समजली होती, तीच तिची साक्ष होती. ती पहिल्यापासून तिच्याजवळ होती आणि बाईमाणसाने असलं बोलायचं नाही म्हणून गिळून टाकलेली.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. दुपार होती. माय दाराशी सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. डोळे अधू झाले होते, कान मात्र शाबूत. आक्काने चहा आणून ठेवला, कोराच. आता दूध मिळतं, पण तिला तोच लागतो. मी तिला जवळ बसवलं आणि सांगायला लागले. पोटात काय होतं, आतडं कसं निवडून घेतं, काय आत जातं, काय बाहेर राहतं. तिला कळावं म्हणून म्हटलं, "हे बघ, चहातले काही पदार्थ एवढे मोठे असतात की त्यांना दारातून आत घेत नाहीत. मग ते दारातच बसतात आणि गोळीतल्या लोहाचा हात धरून ठेवतात. तेही आत जात नाहीत आणि त्यालाही जाऊ देत नाहीत. गोळी तू गिळलीच होतीस. काळं व्हायचं ना तुला? ती गोळीचीच खूण. गिळल्याशिवाय तसं होत नाही."

आक्का पुढे सरकली. "म्हंजी मी खोटी नव्हते."

"नव्हतीस."

"डाक्टर चुकला."

"चुकला. सासूही चुकली. सगळे चुकले."

एवढ्या वर्षांत मी तिचं तोंड असं मोकळं झालेलं बघितलं नव्हतं. खांदे खाली आले. मला वाटलं, आता रडेल आणि सगळं धुऊन निघेल. आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू. गर्वही वाटला.

मग तिने समोरच्या कपाकडे बघितलं. "चहानं?" ती अगदी हळू म्हणाली.

दाराशी डाळीचा आवाज थांबला होता. "काय म्हणलालीस गं?" मायने विचारलं. "कंचा चहा? म्या दिल्याला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आक्काने माझा गुडघा दाबला, असा दाबला की नखं रुतली.

"काय न्हाई माय," ती म्हणाली. "हिला काय कळतंय पोटातलं, झाडं शिकविती ही." आणि मग, सरळ आवाजात, "माय, एक सांगायचं ऱ्हायलं हुतं तुला. त्या गोळ्या मीच टाकीत हुते. तुझी पाठ वळली की चुलीमागं राखंत. लई उमळून यायचं."

ज्या एका गोष्टीसाठी ती जन्मभर तोंड उघडून दाखवत आली, ती तिने अशी डाळीतला खडा उचलून टाकावा तशी टाकून दिली. खरं कळलं तर माय शेवटी शेवटी हातात कप धरून बसणार आणि आपल्याच हाताकडे बघत राहणार, हे तिला माझ्या आधी दिसलं होतं. मला राग आला. तिच्या या चांगुलपणाचा मला मनापासून राग आला आणि तो अजून आहे. पण मी गप्प बसले. ते खरं तिचं होतं, त्याचं काय करायचं ते तिने केलं.

मग सूप पुन्हा हलायला लागलं.

"ठावं हुतं मला," ती म्हणाली. "तवाच ठावं हुतं. पर लेकीकडून बोलावं लागतंय मायला."

आक्काने मान हलवली. कप उचलून ती मोरीकडे गेली. मी तिथेच बसले, बैठकीतलं मायचं बोलणं आठवत. ह्या हातानं दिल्यात, असंच ती म्हणाली होती. गिळल्या म्हणून तिने कधी आण घेतली नव्हती.

जेवणं झाल्यावर मायने आतून आक्काला आवाज दिला, बीपीची गोळी घेतलीस का म्हणून. आक्काने डबीतून गोळी काढली, माझ्यासमोर उभ्या उभ्या तोंडात टाकली, वर तांब्यातलं पाणी घेतलं. मी सवयीने तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने मिटलेलं तोंड पुसलं, तांब्या पालथा घातला आणि ताटं घासायला बसली.